मराठी परिभाषेतून इंग्रजी शब्दमूळांकडे : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शब्दसंपत्तीचा विचार

सारांश :
मराठी माध्यमातून शालेय शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील शब्द अनोळखी वाटतात व तो ते पाठांतराने आत्मसात करू पाहतो. यांपैकी बहुसंख्य शास्त्रीय व वैचारिक शब्द ग्रीक आणि लॅटिन शब्दमूळांपासून घडलेले आहेत. मराठीतील शास्त्रीय परिभाषाही संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे तशाच पद्धतीने घडली आहे. मराठी माध्यमातील विद्यार्थ्याजवळ असलेले परिभाषेचे व व्याकरणाचे ज्ञान हीच इंग्रजी शब्दमूळांची किल्ली ठरू शकते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या मार्गाच्या मर्यादा आणि वर्गातील कार्यपद्धती यांचाही विचार लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : शब्दसंपत्ती, शब्दमूळ, उपसर्ग, प्रत्यय, परिभाषा, मराठी माध्यम.

१. प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. त्यामुळे आज महाविद्यालयात येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीशी अपरिचित आहे, असे म्हणता येत नाही. तथापि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकणे आणि सर्वच विषय इंग्रजीतून शिकणे यांत मोठे अंतर आहे. दहावीपर्यंत 'प्रकाशसंश्लेषण' ही प्रक्रिया उत्तम प्रकारे समजलेली विद्यार्थिनी अकरावीच्या विज्ञान वर्गात 'फोटोसिंथेसिस' हा शब्द ऐकते, तेव्हा आपल्याला काहीच येत नाही, असा तिचा समज होतो. वस्तुतः तिला आशय ठाऊक असतो. फक्त त्यावरील नाव बदललेले असते.

हा समज किरकोळ नाही. अनेक विद्यार्थी याच टप्प्यावर आपली शाखा बदलतात, वर्गात प्रश्न विचारणे सोडून देतात किंवा मार्गदर्शिकांतील उत्तरे न समजता पाठ करतात. आपले मराठी माध्यमातील शिक्षण ही आपली उणीव आहे, अशी भावना त्यांच्या मनात रुजते. शब्दसंपत्तीच्या अध्यापनाचा प्रश्न म्हणूनच केवळ भाषेचा राहत नाही. तो विद्यार्थ्याच्या आत्मविश्वासाचा व शैक्षणिक भवितव्याचा प्रश्न बनतो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) इंग्रजी शब्दांच्या कोणत्या थरासाठी शब्दमूळांचा अभ्यास उपयुक्त ठरतो, हे स्पष्ट करणे.
२) मराठी परिभाषा व इंग्रजी शब्दमुळे यांतील साम्य उदाहरणांनी दाखविणे.
३) या पद्धतीतील धोके निदर्शनास आणणे.
४) वर्गात सहज राबविता येईल अशी कार्यपद्धती सुचविणे.

लेखातील इंग्रजी शब्द व शब्दमुळे नागरी लिपीत दिली आहेत. वर्गात मात्र ती फळ्यावर रोमन लिपीतच लिहावीत. कारण शब्दमूळ ओळखण्याची क्रिया उच्चारापेक्षा स्पेलिंगवर अधिक अवलंबून असते.

३. कोणते शब्द आणि किती शब्द?

इंग्रजी कोशातील शब्दांची संख्या पाहून विद्यार्थी भांबावतो. परंतु सर्व शब्द सारख्याच महत्त्वाचे नसतात. ढाका येथे अध्यापक प्रशिक्षणाचे कार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० सर्वोपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे २००० मध्ये अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची स्वतंत्र यादी तयार केली. वेस्ट यांच्या यादीतील शब्द तिच्यातून वगळलेले आहेत. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये दाखविल्याप्रमाणे, कादंबरी किंवा वृत्तपत्र यांसारखे लेखन मदतीशिवाय वाचण्यासाठी सुमारे ८ ते ९ हजार शब्दकुटुंबांची ओळख लागते.

यावरून दोन थर स्पष्ट होतात. पहिल्या थरातील 'गेट', 'टेक', 'पुट', 'हाउस', 'वॉटर' यांसारखे शब्द प्रामुख्याने इंग्रजीच्या मूळ जर्मानिक घराण्यातील आहेत. ते वाचन, संभाषण व वापर यांतूनच अंगवळणी पडतात. तेथे शब्दमुळांचा फारसा उपयोग नाही. दुसऱ्या थरातील शैक्षणिक व शास्त्रीय शब्द मात्र बहुतांशी लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच यांच्याद्वारे इंग्रजीत आले. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा व प्रबोधनकाळात ग्रीक-लॅटिन शब्दांचा मोठा ओघ इंग्रजीत आला. या थरात शब्दमुळांचे ज्ञान खरोखर फलदायी ठरते. अमेरिकेतील जेम्स ब्राउन यांनी १९४७ मध्ये अवघ्या १४ शब्दांची एक यादी मांडली होती. त्या १४ शब्दांत येणारे उपसर्ग व शब्दमुळे सामान्य आकाराच्या कोशातील १४ हजारांहून अधिक शब्दांत आढळतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नॉर्मन लुईस यांचे १९४९ मधील 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे पुस्तकही याच तत्त्वावर आधारलेले असून भारतातील स्पर्धापरीक्षार्थींमध्ये ते आजही लोकप्रिय आहे. परंतु अशी पुस्तके इंग्रजीभाषक वाचकासाठी लिहिलेली असतात. मराठी विद्यार्थ्याजवळ स्वतःचे जे भांडवल आहे, त्याचा विचार त्यांत असणे शक्य नाही.

४. ओळखीची रचना : धातू, उपसर्ग व प्रत्यय

एका धातूला निरनिराळे उपसर्ग लागून भिन्न अर्थांचे शब्द तयार होतात, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्याला नवीन नाही. 'हृ' या धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार व उपहार हे शब्द होतात, हे त्याने शालेय व्याकरणात पाहिलेले असते. इंग्रजीतील शब्दरचना याहून निराळी नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते एवढेच.

'पाहणे' या अर्थाचा संस्कृत धातू 'ईक्ष्' घेऊ. निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, प्रेक्षक, अधीक्षक हे सर्व शब्द त्यापासून झाले आहेत. लॅटिनमध्ये 'पाहणे' या अर्थाचे शब्दमूळ 'स्पेक्ट' असे आहे. 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत पाहणे, निरीक्षण करणे. 'स्पेक्टेटर' म्हणजे पाहणारा, प्रेक्षक. 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे दिसणारी शक्यता. 'रिस्पेक्ट' म्हणजे मूलतः वळून पाहणे, दखल घेणे, त्यावरून आदर. 'सस्पेक्ट' म्हणजे खालून, चोरून पाहणे, त्यावरून संशय. 'एक्स्पेक्ट' या शब्दातही हेच मूळ दडलेले आहे. वाट पाहत बाहेर नजर लावणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठी 'अपेक्षा' या शब्दातही पाहण्याचाच धातू आहे. दोन भाषांनी एकमेकींचे अनुकरण न करता एकाच मानवी अनुभवासाठी पाहण्याचाच धातू निवडावा, ही बाब विद्यार्थ्यांच्या सहसा विस्मरणात जात नाही.

५. परिभाषेची किल्ली

मराठीतील शास्त्रीय परिभाषा घडविताना भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी व पाठ्यपुस्तकांनी अनेक ठिकाणी मूळ ग्रीक-लॅटिन घटकांचा अर्थ लक्षात घेऊन संस्कृत घटक योजले. हे शब्द 'बोजड' म्हणून पुष्कळदा हेटाळले जातात. परंतु ते उलट दिशेने वाचले असता इंग्रजी शब्दाची फोड आपोआप हाती येते.

'फोटोसिंथेसिस' मध्ये 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन्' म्हणजे सम् अर्थात एकत्र, आणि 'थेसिस' म्हणजे ठेवणे. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द याच क्रमाने रचलेला आहे. 'आयसोटोप' हा शब्द फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ मध्ये वापरात आणला. 'आयसो' म्हणजे समान आणि 'टोपॉस' म्हणजे स्थान; आवर्तसारणीतील एकाच स्थानी बसणारे अणू ते 'समस्थानिक'. एकदा 'आयसो' म्हणजे 'सम' हे कळले की भूगोलातील 'आयसोबार' म्हणजे समदाब रेषा आणि 'आयसोथर्म' म्हणजे समताप रेषा हे वेगळे पाठ करावे लागत नाही. 'थर्म' म्हणजे ताप हे समजल्यावर 'थर्मामीटर' म्हणजे तापमापक हेही उलगडते.

आणखी काही जोड्या पाहाव्यात :

१) 'मॅन्युस्क्रिप्ट' – हस्तलिखित. 'मॅन्यु' म्हणजे हात, 'स्क्रिप्ट' म्हणजे लिहिलेले. याच मुळाचा 'पोस्टस्क्रिप्ट' म्हणजे नंतर लिहिलेले, आपल्या पत्रांतील 'ता. क.'.
२) 'ट्रान्स्परंट' – पारदर्शक. 'ट्रान्स' म्हणजे पार, उरलेला भाग 'दिसणे' या अर्थाचा.
३) 'हायड्रॉलिसिस' – जलीय अपघटन. 'हायड्रो' म्हणजे जल, 'लिसिस' म्हणजे सुटे होणे. त्यावरून 'इलेक्ट्रोलिसिस' – विद्युत अपघटन.
४) 'युनिसेल्युलर' – एकपेशीय, 'मल्टिसेल्युलर' – बहुपेशीय.
५) 'इक्विलॅटरल' – समभुज. 'इक्वि' म्हणजे सम, 'लॅटस' म्हणजे बाजू.
६) 'कार्निव्होर' – मांसाहारी. 'व्होर' म्हणजे खाणारा. त्यावरून 'ऑम्निव्होर' – सर्वाहारी.
७) 'ऑटोबायोग्राफी' – आत्मचरित्र. 'ऑटो' म्हणजे स्व, 'बायो' म्हणजे जीवन, 'ग्राफ' म्हणजे लेखन.

ही यादी केवळ विज्ञान शाखेपुरती नाही. 'डेमॉक्रसी' म्हणजे लोकशाही. त्यातील 'डेमॉस' म्हणजे लोक. हेच मूळ 'डेमोग्राफी' या समाजशास्त्रातील शब्दात आहे. 'अ‍ॅनार्की' म्हणजे अराजक. त्यातील 'आर्की' म्हणजे सत्ता, जी 'मोनार्की' या शब्दात 'एकाची सत्ता' या अर्थाने येते. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही आपल्या विषयाचे इंग्रजी शब्द या रीतीने सोडविता येतात.

६. केवळ समांतर नव्हे, नातेसंबंधही

कोलकात्यातील एशियाटिक सोसायटीपुढे १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे एक समान उगमस्थान असावे, असे मत मांडले. पुढील काळात तुलनात्मक भाषाशास्त्राने हे नाते नियमबद्ध रीतीने सिद्ध केले. इंग्रजीही याच भाषाकुलातील आहे. म्हणून काही शब्दमुळे अर्थानेच नव्हे, तर रूपानेही ओळखीची वाटतात.

'दन्त' व 'डेंटल', 'पाद' व 'पेडल', 'नव' व 'नॉव्हेल', 'मृत्यू' व 'मॉर्टल', 'नाम' व 'नॉमिनेट', 'जन्' व 'जेनेसिस', 'स्था' व 'स्टेशन', 'दान' व 'डोनेट', 'ज्ञा' व 'डायग्नोसिस' या जोड्यांतील मुळे सगोत्र आहेत. 'अमर' आणि 'इम्मॉर्टल' यांत नकार व मृत्यू हे दोन्ही घटक समान आहेत. गणितातील 'परिमिती' आणि 'पेरिमीटर' हे शब्द शेजारी लिहिले असता 'परि' म्हणजे 'पेरि' व 'मिती' म्हणजे 'मीटर' हे स्पष्टीकरणावाचून दिसते. 'अंतर्' व 'इंटर', 'प्र' व 'प्रो' यांचे नातेही असेच आहे. 'आंतरराष्ट्रीय' व 'इंटरनॅशनल', 'प्रगती' व 'प्रोग्रेस' यांतून ते लक्षात येते.

'हायपर' आणि 'हायपो' यांतील गोंधळ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही सतावतो. 'उपरि' म्हणजे वर, त्याचे ग्रीक भावंड 'हायपर'. 'उप' चे ग्रीक भावंड 'हायपो', म्हणजे खाली. 'हायपरटेन्शन' म्हणजे उच्च रक्तदाब व 'हायपोटेन्शन' म्हणजे कमी रक्तदाब हे 'उपरि' आठवले की पुन्हा चुकत नाही.

मात्र येथे शिक्षकाने दक्ष राहावयास हवे. 'सर्व इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले' असे विधान वर्गात टाळ्या मिळवील. पण ते असत्य आहे. हे नाते आई-मुलीचे नसून बहिणींचे आहे.

७. संधी आणि स्पेलिंग

मराठी व्याकरणातील संधीचे ज्ञान इंग्रजी स्पेलिंगसाठी उपयोगी पडते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. 'सत्' अधिक 'जन' म्हणजे 'सज्जन', 'उत्' अधिक 'लंघन' म्हणजे 'उल्लंघन'. येथे उपसर्गातील अथवा पहिल्या पदातील अंत्य व्यंजन पुढील व्यंजनासारखे होते. लॅटिनमध्येही असेच घडले. नकारार्थी 'इन्' हा उपसर्ग 'लीगल' ला लागताना 'इल्' होतो, 'रेग्युलर' ला लागताना 'इर्' होतो आणि 'पॉसिबल' ला लागताना 'इम्' होतो. म्हणून 'इल्लीगल' मध्ये दोन 'एल' आणि 'इर्रेग्युलर' मध्ये दोन 'आर' येतात. 'कलेक्ट' व 'करेक्ट' यांतील जोड अक्षरेही 'कॉम्' या उपसर्गाच्या अशाच बदलातून आली आहेत. उच्चारात ही दोन अक्षरे ऐकू येत नाहीत, म्हणून विद्यार्थी एकच लिहितो. कारण समजल्यावर ही चूक कमी होते.

आणखी एक साम्य असे की, नकारार्थी 'अ' स्वरापूर्वी 'अन्' होतो : अशक्य, परंतु अनावश्यक, अज्ञान, परंतु अनुत्तीर्ण. ग्रीकमध्ये हाच नियम आहे : 'एथीस्ट' मध्ये केवळ 'अ', तर 'अ‍ॅनार्की' मध्ये 'अन्'.

८. नवे शब्द, जुनी मुळे

नवीन शब्द रोज घडतात, तेव्हा पाठांतर कोठवर पुरणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, नव्या शब्दांतील पुष्कळ शब्द जुन्याच मुळांपासून घडतात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ला 'पॅन्डेमिक' म्हटले. 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'डेमॉस' म्हणजे लोक, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला 'एपिडेमिक' आणि 'पॅन्डेमिक' यांतील भेद सांगावा लागला नाही. त्याच काळात कानी पडलेला 'एसिम्प्टोमॅटिक' म्हणजे लक्षणरहित, हे वर सांगितलेल्या 'अ' वरून कळते. 'सायबर' हा घटक नॉर्बर्ट वीनर यांच्या १९४८ मधील 'सायबरनेटिक्स' या संज्ञेतून प्रचारात आला. त्याचे ग्रीक मूळ 'सुकाणू धरणारा' या अर्थाचे आहे, आणि लॅटिनमार्गे त्याच शब्दापासून 'गव्हर्न' व 'गव्हर्नर' हे शब्द झाले. 'सुकाणू समिती' हा शब्दप्रयोग वापरणाऱ्या मराठी माणसाला राज्यकारभार आणि सुकाणू यांचा हा संबंध समजावून द्यावा लागत नाही.

९. मर्यादा व धोके

शब्दमुळांची पद्धत उपयुक्त असली तरी ती सर्वसमर्थ नाही. तिच्या मर्यादा पुढीलप्रमाणे होत.

पहिली मर्यादा : दिसायला सारखी असणारी मुळे भिन्न असू शकतात. 'पेडल' मधील 'पेड' लॅटिन असून त्याचा अर्थ पाय. 'पेडियाट्रिक्स' मधील 'पेड' ग्रीक असून त्याचा अर्थ बालक. 'होमो सेपियन्स' मधील 'होमो' म्हणजे मनुष्य, तर 'होमोजीनिअस' मधील 'होमो' म्हणजे समान.

दुसरी मर्यादा : एकच रूप असणारे उपसर्ग परस्परविरोधी अर्थ देऊ शकतात. इंधनाच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले असते. येथील 'इन्' नकारार्थी नाही; या शब्दाचा अर्थ 'पेट घेणारे' असाच आहे. अर्धवट ज्ञानाने येथे उलट अर्थ लावला गेल्यास तो जिवावर बेतू शकतो.

तिसरी मर्यादा : मूळ अर्थ व आजचा अर्थ यांत अंतर पडते. 'व्हॅक्सिन' चे मूळ 'गाय' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीचा उपयोग करून लस टोचली, हा इतिहास माहीत नसेल तर मुळावरून काहीच बोध होत नाही. 'ऑक्सिजन' म्हणजे शब्दशः 'आम्लजनक'; परंतु सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो, ही त्या नावामागची समजूत पुढे चुकीची ठरली. मूळ हे शब्दाच्या जन्माची हकिकत सांगते. त्याच्या आजच्या अर्थाची हमी देत नाही.

चौथी मर्यादा उच्चाराची आहे. एकाच कुटुंबातील शब्दांत आघाताचे स्थान बदलते. 'फोटोग्राफ' मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फटॉग्रफी' मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्रॅफिक' मध्ये तिसऱ्यावर येतो. म्हणून प्रत्येक शब्द ऐकवणे व म्हणवून घेणे आवश्यक ठरते.

थोडक्यात, शब्दमुळावरून अर्थाचा तर्क करावा. वाक्यातील संदर्भाने तो पारखावा आणि कोशाने तो निश्चित करावा. हा क्रम विद्यार्थ्याने कधीही मोडू नये.

१०. वर्गातील कार्यपद्धती

एका आठवड्यास एक शब्दमूळ एवढीच मर्यादा ठेवावी. एका सत्रात १५ आठवडे धरल्यास १५ कुटुंबे होतात आणि प्रत्येकी ८ ते १० शब्द घेतल्यास १२० ते १५० शब्दांचा पक्का परिचय होतो. ४८ मिनिटांच्या तासिकेतील पहिली १५ मिनिटे यासाठी पुरेशी आहेत. पायऱ्या पुढीलप्रमाणे असाव्यात.

१) आरंभ मराठी शब्दकुटुंबाने करावा. उदाहरणार्थ 'लिख्' धातूवरून लेखन, उल्लेख, अभिलेख, हस्तलिखित हे शब्द विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत.
२) त्यानंतर समानार्थी इंग्रजी मूळ 'स्क्राइब' अथवा 'स्क्रिप्ट' फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले शब्द विचारावेत. 'प्रिस्क्रिप्शन' हा शब्द तर घराघरांत पोहोचलेला आहे.
३) एक अपरिचित शब्द संपूर्ण वाक्यात द्यावा व अर्थाचा तर्क करावयास सांगावा. तर्क चुकल्यास तो का चुकला, याची चर्चा करावी.
४) कोश पाहून अर्थ निश्चित करावा. आज बहुतेकांच्या भ्रमणध्वनीवर कोश उपलब्ध आहे. त्यातील व्युत्पत्तीची नोंद वाचण्याची सवय लावावी.
५) वहीत चार रकाने आखावेत : शब्द, त्याची फोड, मराठी प्रतिशब्द आणि स्वतः रचलेले वाक्य. चौथा रकाना रिकामा असेल तर तो शब्द आत्मसात झाला असे समजू नये.

पुढील आठवड्यात व त्यानंतर महिन्याने मागील कुटुंबांची उजळणी अवश्य घ्यावी. मूल्यमापनात शब्दांचे अर्थ न विचारता वर्गात न घेतलेला, परंतु त्याच मुळाचा शब्द वाक्यात देऊन त्याचा अर्थ विचारावा. पाठांतर आणि आकलन यांतील फरक त्यातूनच कळतो. या कामात इंग्रजी व मराठी या दोन विभागांनी एकत्र येणे हिताचे ठरेल. विज्ञान, भूगोल व अर्थशास्त्र या विषयांच्या शिक्षकांनी आपापल्या विषयातील पंचवीस-तीस संज्ञांची फोड करून दिल्यास एक छोटी पुस्तिका महाविद्यालय स्तरावर सहज तयार होऊ शकेल.

११. निष्कर्ष

१) इंग्रजीतील नित्याच्या वापराचे शब्द सरावाने व शैक्षणिक शब्द शब्दमुळांच्या आधाराने शिकविणे, असा दुहेरी मार्ग योग्य होय.
२) मराठी परिभाषा व इंग्रजी शास्त्रीय शब्द यांची घडण समान असल्याने एकीचे ज्ञान दुसरीकडे उपयोगी पडते.
३) उपसर्ग, संधी व धातू यांचा शालेय मराठीतील अभ्यास हा इंग्रजीच्या अभ्यासाचाच पाया ठरू शकतो.
४) शब्दमुळावरून केलेला तर्क संदर्भ व कोश यांच्या कसोटीवर तपासणे अनिवार्य आहे.

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने इंग्रजीच्या वर्गात येत नाही. 'समस्थानिक', 'परिमिती', 'हस्तलिखित' या शब्दांच्या रूपाने त्याच्याजवळ इंग्रजी शब्दांची फोड आधीच असते. ती त्याला दाखवून देणे हे शिक्षकाचे काम आहे. असे झाल्यास त्याची इंग्रजी शब्दसंपत्ती तर वाढेलच. शिवाय आपल्या भाषेत शिकलेले वाया गेलेले नाही, हा विश्वासही त्याला लाभेल.